ठरावाविरुद्ध दाद: पालिका आणि पंचायतीच्या निर्णयांची तपासणी कशी होते

नगरपरिषदेच्या सभेत हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि कार्यवृत्तात त्याला क्रमांक पडला, तरी तो अंतिम होत नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्था कायद्याने निर्माण केलेल्या आहेत. कायद्याने दिले तेवढेच अधिकार त्यांना आहेत, आणि ते कसे वापरायचे याची रीतही कायद्यानेच घालून दिलेली आहे. त्यामुळे ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका यांच्या कोणत्याही निर्णयाला एकच मूळ प्रश्न विचारता येतो: हा निर्णय घेण्याचा अधिकार होता का, आणि तो ठरलेल्या रीतीने वापरला का? निर्णय शहाणपणाचा होता की नाही हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर मतदार देतात. निर्णयाविरुद्ध दाद मागताना बहुतेक लोक या दोन प्रश्नांची गल्लत करतात आणि तिथेच हरतात.

दाद कुठे मागायची हे निर्णय कोणी आणि कोणत्या कायद्याखाली घेतला यावर ठरते. ग्रामपंचायतींना १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांना १९६१ चा, नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा आणि महापालिकांना १९४९ चा. मुंबई महापालिकेचा कायदा सर्वांत जुना, १८८८ चा. बांधकाम आणि विकास आराखडा यांच्यासाठी १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम स्वतंत्र आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना राज्यघटनेत स्थान मिळाले, पण रोजचा कारभार अजूनही राज्याच्या या कायद्यांवर चालतो. एकाच पालिकेत सभेचा ठराव, मुख्याधिकाऱ्याची नोटीस, घरपट्टीची आकारणी आणि बांधकाम परवानगीचा नकार हे चार निर्णय झाले, तर त्यांच्याविरुद्ध जायच्या चार वाटा वेगळ्या असतात. चुकीच्या दारात केलेला अर्ज काही महिन्यांनी 'या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही' अशा शेऱ्यासह परत येतो, आणि तोवर योग्य दाराची मुदत संपलेली असते.

निर्णय बदलून घेण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक वेळ निर्णय होण्याआधीची आहे. कायद्याने अनेक बाबतींत आधी लोकांचे म्हणणे मागवण्याची सक्ती केली आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सध्या त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे सदस्य असतात आणि नगररचनेतले जाणकारही असतात. हरकत घेणाऱ्याला तिच्यापुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडता येते. आराखड्यात नंतर बदल करायचा, म्हणजे एखाद्या बागेचे आरक्षण उठवायचे किंवा रस्त्याची रेषा सरकवायची, तरी पुन्हा सूचना प्रसिद्ध करून हरकती घ्याव्या लागतात. नव्या कराच्या बाबतीतही हाच क्रम आहे.

या हरकतींना किती वजन असते याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात चुका इतक्या होत्या की रहिवासी संघटना, वास्तुविशारद, वारसाप्रेमी आणि मच्छीमारांपासून ते राजकीय पक्षांपर्यंत सगळ्यांनी हजारोंच्या संख्येने हरकती दिल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने तो मसुदा नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली ती सूचना वाचणारे लोक असतील तर एवढे काम होते. नसतील तर पंधरा वर्षांनी रस्तारुंदीकरणाची नोटीस दारावर लागते आणि तेव्हा कळते की हरकत घ्यायचे दिवस केव्हाच सरले.

सभेतल्या ठरावांच्या बाबतीत निर्णयाआधीची लढाई सदस्यांनी लढायची असते. सभेची विषयपत्रिका ठरलेल्या मुदतीत सदस्यांना मिळाली पाहिजे, आणि सभेत त्याच विषयांवर निर्णय व्हायला हवेत. प्रत्यक्षात विषयपत्रिकेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असा एक रकाना असतो. तातडीच्या किरकोळ कामांसाठी ठेवलेल्या या सोयीतून भूखंडाचे भाडेपट्टे आणि लाखोंची कामे मंजूर झाल्याच्या तक्रारी महाराष्ट्रातल्या कोणत्याही पालिकेत ऐकू येतात. ज्या सदस्याला असा ठराव मान्य नाही त्याने सभेत नुसता आरडाओरडा करून उपयोग नाही. लेखी विरोध देऊन तो कार्यवृत्तात नोंदवून घेणे आवश्यक असते. सूचक कोण, अनुमोदक कोण, मतदान झाले का, विरोध कोणाचा, हे सारे कार्यवृत्तात असते, आणि पुढे जिल्हाधिकारी किंवा न्यायाधीश हेच कागद वाचतात. पुढच्या सभेत मागील कार्यवृत्त कायम करण्याचा विषय पहिलाच असतो. तो एका वाक्यात उरकला जातो, पण चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याची ती हक्काची संधी आहे.

निवडून आलेले सभागृहच नसेल तर ही वाट बंद होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि नगरपरिषदांचीही गत तीच झाली. त्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाच्या हाती होते. प्रस्ताव तयार करणारा आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच, असा तो कारभार होता. अशा निर्णयांना विरोध नोंदवायला सभागृहात कोणी नसतो. म्हणून नागरिकांच्या लेखी हरकतीला त्या काळात अधिक महत्त्व येते.

निर्णय झाल्यावर पहिले काम म्हणजे त्याची प्रमाणित प्रत मिळवणे. ऐकीव ठरावाविरुद्ध कुठेही दाद लागत नाही. ठराव, त्यावरची कार्यालयीन टिप्पणी, जाहीर सूचना, हरकतींचा गोषवारा ही कागदपत्रे पालिकेकडे अर्ज करून मिळतात. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ३० दिवसांत ती देणे बंधनकारक आहे. माहिती नाकारली किंवा मुदतीत दिली नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. पण दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला फार वेळ लागतो, आणि ठरावाविरुद्ध दाद मागण्याची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते माहितीचा अर्ज आणि मूळ हरकत एकाच दिवशी बारनिशीत देतात आणि दोन्हींची पोच शिक्क्यानिशी घेतात. या पोचेचे मोल कार्यालयाबाहेर पडताना कळत नाही. वर्षभराने 'तुम्ही वेळेत हरकत घेतलीच नव्हती' असे उत्तर आले की कळते.

सभेच्या ठरावाची तपासणी करण्याचा पहिला अधिकार कायद्याने शासनाच्या यंत्रणेला दिला आहे. नगरपरिषदेच्या बाबतीत हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. ठराव बेकायदा आहे, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, त्याने लोकांना इजा किंवा त्रास होईल किंवा शांततेचा भंग होईल असे वाटल्यास १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी रोखता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध कलम ३१८ खाली पुनरीक्षणाची वाट आहे. महापालिकांच्या बाबतीत हा अधिकार थेट राज्य शासनाकडे, १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ मध्ये आहे. तिथे पालिकेच्या पैशाचा अपव्यय हेही एक कारण सांगितले आहे. शासन आधी ठराव निलंबित करते, महापालिकेला म्हणणे मांडण्याची संधी देते आणि मग निलंबन उठवते किंवा ठराव 'अंतिमतः विखंडित', म्हणजे कायमचा रद्द, करते. विखंडनाचा प्रस्ताव बहुधा आयुक्तांकडूनच जातो. सभागृहाने आपल्या मताविरुद्ध केलेला ठराव आयुक्त मंत्रालयात पाठवतात, आणि नगरविकास खाते त्यावर निर्णय घेते. ग्रामपंचायत अधिनियमातही बेकायदा ठरावाची अंमलबजावणी रोखण्याची तरतूद आहे. गावकऱ्यांची तक्रार साधारणपणे गटविकास अधिकाऱ्यापासून सुरू होऊन जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत आणि तिथून विभागीय आयुक्तांपर्यंत जाते.

या सगळ्या पायऱ्या एकाच प्रकरणात पाहायच्या तर अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेचे प्रकरण पाहावे. नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर मराठी पाटीखाली उर्दूतही नाव लिहिले होते. उर्दूचा हा वापर १९५६ पासून चालू असल्याचे नगरपरिषदेचे म्हणणे होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेने बहुमताने ठराव करून हरकत फेटाळली. हरकतदार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला. मग नगरपरिषदेच्या काही सदस्यांनी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे दाद मागितली आणि एप्रिल २०२१ मध्ये आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. त्याविरुद्धची याचिका जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी सक्तीची करणारा २०२२ चा कायदा आला. म्हणून प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. नव्या कायद्याच्या उजेडात त्याने पुन्हा विचार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष काढला: मराठीत कामकाज करणे बंधनकारक आहे, पण मराठीच्या जोडीला दुसऱ्या भाषेत पाटी लिहायला कायद्याने मनाई केलेली नाही. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला.

निकालाची बातमी भाषेच्या अंगाने गाजली. दाद मागणाऱ्यांसाठी मात्र त्यातला प्रक्रियेविषयीचा भाग अधिक मोलाचा आहे. सुधारित कलम ३०८ प्रमाणे बेकायदा ठरावाची बाब जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेण्याची जबाबदारी मुख्याधिकाऱ्याची आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतः या कलमाखाली अर्ज करणे मुळातच ग्राह्य नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. म्हणजे पाच वर्षे चाललेल्या या लढ्याची पहिली पायरीच निसटती होती. म्हणून नगरपरिषदेच्या ठरावाविरुद्ध नागरिकाचा पहिला अर्ज मुख्याधिकाऱ्याला जायला हवा. ठराव कोणत्या कलमाच्या विरुद्ध आहे हे सांगून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची लेखी मागणी त्यात असावी, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. मुख्याधिकारी गप्प बसला तर त्याचे गप्प बसणे हाच पुढच्या याचिकेचा मुद्दा होतो.

ठराव रोखण्याचा हा अधिकार दुधारी आहे. सभागृहाने बिल्डरच्या सोयीसाठी आरक्षण बदलले तर तो लोकांच्या कामी येतो. पण पालिकेत एका पक्षाची सत्ता आणि मंत्रालयात दुसऱ्याची असेल, तर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला वठणीवर आणण्यासाठीही तोच वापरता येतो. स्थानिक स्वराज्याला घटनेत जागा देऊनही राज्य सरकारच्या हाती एवढी वेसण ठेवणे योग्य नाही. निदान विखंडनाचा प्रत्येक आदेश कारणांसह आणि ठरावीक मुदतीत प्रसिद्ध झाला पाहिजे. आज अनेक ठराव निलंबित अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यांची अंमलबजावणीही होत नाही आणि ते रद्दही होत नाहीत.

सभेच्या ठरावापेक्षा माणसाला अधिक वेळा गाठतात ते कर, परवानगी आणि नोटिसा. त्यांच्यासाठी कायद्यात ठरलेली अपिले आहेत आणि त्यांच्या मुदती अतिशय आखूड आहेत. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या आकारणीविरुद्ध आधी पालिकेकडेच तक्रार नोंदवावी लागते. तिचा निकाल मान्य नसेल तर न्यायालयात अपील करता येते, पण तेही १५ दिवसांत, आणि मागणीची रक्कम भरल्यानंतरच. बांधकाम परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील आहे. ज्याची जमीन शाळा, मैदान किंवा दवाखान्यासाठी आरक्षित करून पालिकेने दहा वर्षे हात लावला नाही, तो मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर कायद्यात ठरलेल्या काळात संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. या कलमामुळे पालिकांच्या आळसापायी शहरांनी कितीतरी मैदाने गमावली आहेत. मालकाचा हक्क खरा आहे, पण त्याची किंमत वस्तीतली मुले मोजतात.

निवडणुकीचे वाद पूर्णपणे वेगळ्या खणात आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी प्रमाणे पंचायत किंवा पालिकेच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज आव्हान देता येत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी ही याचिका निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे, तर नगरपरिषद व महापालिकेसाठी १० दिवसांत संबंधित न्यायाधीशाकडे करावी लागते. एक दिवस उलटला तरी हक्क गेला, इतकी ही मुदत कडक आहे.

पदावरून दूर करण्याच्या निर्णयांबाबत न्यायालये विशेष जागरूक आहेत, आणि ते योग्यच आहे. गावागावांत सरपंचाला खाली खेचण्यासाठी अपात्रतेच्या तक्रारीचा सर्रास वापर होतो. ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी करतात, त्यावर आयुक्तांकडे अपील होते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावात महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध अशीच तक्रार झाली. सासूबरोबर त्या सरकारी जागेवरच्या अतिक्रमित घरात राहतात, असा आरोप होता. आपण पती आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकारी, आयुक्त आणि उच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्यांवर त्या हरल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा आदेश रद्द करून त्यांना पद परत दिले. गावाचा कारभार एका बाईच्या हाती जाणे काही गावकऱ्यांना पचले नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि अशा तक्रारींवर यांत्रिकपणे आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यांनाही खडे बोल सुनावले. उरणच्या नगराध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा शासनाचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला होता. लोकप्रतिनिधीला काढताना त्याच्या मतदारांचाही हक्क जातो. म्हणून गंभीर आरोप, पुरेसा पुरावा आणि कारणे दिलेला आदेश या तिन्हींची गरज असते, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

या सर्व वाटा संपल्या, किंवा कायद्याने वाटच ठेवलेली नसली, तर उच्च न्यायालय उरते. घटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली याचिका करता येते. मात्र तिथे पुन्हा सुरुवातीपासून खटला चालत नाही. न्यायाधीश पालिकेच्या जागी बसून निर्णय घेत नाहीत. पालिकेला तो अधिकार होता का, ठरलेली प्रक्रिया पाळली का, ज्याचे नुकसान होणार त्याला म्हणणे मांडू दिले का, निर्णयाला कारणे आहेत का, आणि त्यामागे दुष्ट हेतू आहे का, एवढेच ते तपासतात. अपिलाची वाट उपलब्ध असताना ती न चोखाळता थेट आलेल्याला बहुधा परत पाठवले जाते. याचिकेला कायद्यात ठरावीक मुदत नाही, पण इमारत चार मजले चढल्यावर आलेल्या याचिकाकर्त्याला 'इतके दिवस कुठे होता' हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो.

निर्णयाचे शहाणपण न्यायालये तपासत नाहीत, या तत्त्वाला एक अपवाद आहे आणि त्याचा उगम इंग्लंडमधल्या एका नगरपालिकेच्याच निर्णयात आहे. वेडन्सबरी या गावाच्या पालिकेने रविवारी सिनेमा दाखवायला परवाना देताना अट घातली: १५ वर्षांखालील मुलांना, मोठ्यांबरोबर आले तरी, प्रवेश नाही. चित्रपटगृहाच्या मालकांनी आव्हान दिले आणि १९४७ मध्ये ते हरले. न्यायालयाने सांगितले की निर्णय पटत नाही म्हणून आम्ही तो बदलणार नाही. कोणत्याही समंजस प्राधिकरणाने घेतलाच नसता इतका तो अवाजवी असेल तरच हात घालू. भारतीय न्यायालयांनी ही कसोटी उचलली आणि आजही पालिकांच्या वकिलांच्या युक्तिवादात ती असते. तिचा उंबरठा फार उंच आहे. म्हणून प्रक्रियेतली चूक दाखवणारी याचिका बहुधा टिकते, निर्णयाला अवाजवी म्हणणारी क्वचितच टिकते.

शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीविरुद्ध आपण कोण जाणार, ही शंका अनेकांना असते. तिचे उत्तर १९७४ सालीच मिळाले आहे. उडुपीच्या नगरपालिकेने निवासी भागातल्या भूखंडावर, मंजूर नगररचना योजनेच्या विरुद्ध, चित्रपटगृहाला परवानगी दिली होती. तिथल्या एका रहिवाशाने आव्हान दिले. नगररचना योजना रहिवाशांच्या हितासाठी असते, तेव्हा ती मोडली तर दाद मागण्याचा हक्क रहिवाशाला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पैसे खर्च झाले म्हणून बेकायदा परवानगी कायदेशीर होत नाही, हेही त्यात आले.

म्हणणे ऐकून घेण्याच्या हक्काचा पाया मुंबईच्या फूटपाथवर घातला गेला. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना हटवून गावी पाठवण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारे पालिका कायद्याचे कलम न्यायालयाने वैध ठरवले, पण त्याचा अर्थ नोटीस कधीच देऊ नये असा होत नाही, असेही बजावले. झोपड्या वाचल्या नाहीत. कारवाई फक्त पावसाळा संपेपर्यंत पुढे गेली. तरीही या निकालाने पालिकेच्या आणि सर्वांत गरीब माणसाच्या मध्ये सुनावणीची एक पायरी उभी केली.

ती पायरी वारंवार ओलांडली गेली म्हणून १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला देशभरासाठी नियम घालून द्यावे लागले. अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले की बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि कारणे दिलेला आदेश हवा. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचे, म्हणजे घरमालकाला अपील करता येईल किंवा स्वतः बांधकाम काढता येईल. नियम मोडून पाडकाम केल्यास भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ शकते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरची अतिक्रमणे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे यांना हे नियम लागू नाहीत. पालिकेची नोटीस हातात पडली की ती कोणत्या कलमाखाली आहे आणि तिच्यावरची तारीख कोणती हे आधी पाहायचे ते यासाठीच.

कधी तक्रार निर्णयाची नसतेच, निर्णय होत नाही याचीच असते. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघडी गटारे आणि दुर्गंधीला कंटाळलेले रहिवासी थेट दंडाधिकाऱ्याकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश त्यांनी नगरपालिकेविरुद्ध मिळवला. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण फेटाळले: लोकांचे आरोग्य राखणे हे पालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि तिजोरी रिकामी असल्याने ते संपत नाही. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. तुंबलेली गटारे आणि वस्तीलगतचे कचऱ्याचे ढीग अशा प्रश्नांसाठी ही वाट उच्च न्यायालयापेक्षा जवळची आणि स्वस्त आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे. दाखले आणि परवाने अडवून ठेवल्यास २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. गैरव्यवहाराची तक्रार लोकायुक्तांकडे जाते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप माहिती अधिकारात मिळवले तर पैशाच्या निर्णयांविरुद्ध तयार पुरावाच हाती येतो.

गोव्यात कायदे वेगळे आहेत. पंचायतींना १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा आणि नगरपालिकांना १९६८ चा कायदा लागू आहे. पंचायतीच्या निर्णयांविरुद्धची प्रकरणे पंचायत संचालनालयाच्या अधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यापुढची वाट मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे, म्हणजे महाराष्ट्राच्याच न्यायालयीन कुटुंबात येते.

दाद यशस्वी झाली म्हणजे काय होते, हेही आधी समजून घ्यायला हवे. न्यायालय किंवा आयुक्त ठराव रद्द करतात तेव्हा बहुतेक वेळा प्रकरण पुन्हा पालिकेकडेच पाठवले जाते. हरकती नव्याने ऐका, कारणे द्या आणि ठरावीक मुदतीत निर्णय घ्या, असा आदेश असतो. अधिकारच नव्हता म्हणून ठराव रद्द झाला असेल तर तो विषय तिथेच संपतो. फक्त सुनावणी दिली नव्हती म्हणून रद्द झाला असेल, तर सुनावणी घेऊन पालिका पुन्हा तोच निर्णय घेऊ शकते. अशा दुसऱ्या सुनावणीला हरकतदाराने नकाशे, मोजणीची कागदपत्रे आणि पर्यायी प्रस्ताव घेऊन जायचे असते, कारण आता पालिकेला त्यातल्या प्रत्येक मुद्द्याचे लेखी उत्तर द्यावे लागते, आणि दिले नाही तर त्याच आदेशाच्या आधारे पुन्हा न्यायालयात जाता येते. न्यायालयाने घालून दिलेली मुदत पालिकेने पाळली नाही तर अवमान याचिका करता येते. ती पालिकेबरोबरच संबंधित अधिकाऱ्यावर नावानिशी होते.